साडेसातशे वॅट

थकलेल्या माणसाने पॅनल उघडायचं नाही, आणि एकट्याने तर मुळीच चार्ज करायचं नाही. निघोज्याजवळच्या आमच्या कंपनीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकवलंय की कँटीनमध्ये माझी नक्कल करायची असेल तर पोरं हेच म्हणतात, तेही चष्मा नाकावर खाली ओढून. पॅनल चार्ज करायचं म्हणजे त्यात वीज सोडायची. त्याला दोन माणसं लागतात. एकाने कागद वाचायचा, दुसऱ्याने त्या त्या वायरीवर बोट ठेवून तेच मोठ्याने परत म्हणायचं. एकतीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, हा नियम कधी मोडला नाही. मोडला तो घरी, मोशीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, शनिवारी दुपारी साडेचार वाजता, पोरीच्या कॉम्प्युटरवर.

पोरगी म्हणजे ऋता, वय सव्वीस. चांगली हिंजवडीला नोकरीला होती. ती मागच्या वर्षी सोडली आणि घरी बसून बिल्डर लोकांसाठी न बांधलेल्या इमारतींचे व्हिडिओ करायला लागली. आधी कॉम्प्युटरमध्ये इमारत उभी करायची, मग त्यातून माणूस चालत गेल्यासारखं दृश्य काढायचं, आणि ते बघून लोक फ्लॅट बुक करणार. मला हे पटलं नाही. पटलं नाही एवढंच म्हणून थांबलो असतो तर ठीक होतं, पण मी 'लागलेली नोकरी सोडायला अक्कल लागत नाही' असं काहीतरी बोलून बसलो. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उठून आत गेली. त्यानंतर वर्षभर आमचं बोलणं म्हणजे 'जेवलात का' आणि 'गिझर बंद केला का' एवढंच. हीच मुलगी लहानपणी मला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडायची. मिक्सर गरम का होतो, तारेवरच्या कावळ्याला शॉक का बसत नाही, सगळं बाबांना विचारायचं. ते विचारणं बंद झालं, त्याचं मला किती लागलं हे मी वासंतीलाही कधी सांगितलं नाही. बायको आहे, तिला न सांगता कळलंच असणार.

म्हणून मागच्या महिन्यात ऋता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलंय. जुना एसएमपीएस त्याला पुरणार नाही असं वाटतंय. कोणता घेऊ?" तेव्हा माझा घास हातातच राहिला. वासंती मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण ती हसली हे मला दिसलं.

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या आतली वीज वाटणारी पेटी. भिंतीतली वीज घ्यायची, तिची बारा आणि पाच व्होल्ट करायची आणि आतल्या एकेकाला पुरवायची. आमच्या सबस्टेशनचंच काम, फक्त डब्याएवढ्या जागेत. मी ताट बाजूला सारलं, जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि बसलो. कार्ड अडीचशे वॅट. प्रोसेसर सव्वाशे. पंखे, डिस्क आणि इतर फुटकळ मिळून साठ-सत्तर. बेरीज साडेचारशेच्या आत.

"म्हणजे साडेचारशेचा जुना आहे तो चालेल?" ऋताने विचारलं.

"नाही चालणार. कंपनीत मोटर सुरू होते तेव्हा पहिल्या झटक्याला किती करंट ओढते माहितीये? नेहमीच्या पाच-सहा पट. तुझं कार्डही तसंच. क्षणभर दुप्पट मागणार. तो क्षण ज्याला झेपत नाही तो सप्लाय बंद पडणार, आणि तुझा अर्धा झालेला व्हिडिओ गेला."

"म्हणजे कार्ड दचकतं?"

"दचकतं म्हण हवं तर. साडेसातशेचा घ्यायचा."

ती कॅलेंडरच्या पानाचा फोटो काढून घेऊन गेली. मी उगाच आणखी एक पोळी खाल्ली.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं पिंपरी कॅम्पात गेलो. गुरुवारी आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी असते, त्यामुळे रस्त्यात अर्धी ओळखीची तोंडं भेटतात. सनीचं दुकान गल्लीच्या टोकाला. त्याच्या वडिलांपासून मी तिथे जातो. सनीने आधी एक काळी चकचकीत पेटी पुढे केली. "काका, हा घ्या ना, एकदम मस्त पीस आहे. साडेसातशे वॅट, आणि आत लाइट पण लागते."

मी ती हातात घेऊन तोलली. हलकी होती. मग चष्मा लावून बाजूचं बारीक अक्षरातलं लेबल वाचलं. समोर साडेसातशे असं ठसठशीत लिहिलेलं, पण बारा व्होल्टच्या खाली अडतीस अँपियर. अडतीस गुणिले बारा, जेमतेम साडेचारशे. "सनी, हे साडेसातशे कुठून आणलेस? लाइट धरून का?" मी म्हणालो. ऋता खळखळून हसली. सनीही हसला आणि आतून दुसरा घेऊन आला. जड, साधा, लाइट नसलेला. बारा व्होल्टला बासष्ट अँपियर. वायरी पेटीतून सुट्या काढता येणाऱ्या, म्हणजे लागतील तेवढ्याच लावायच्या.

"हा घे," मी ऋताला म्हणालो.

"काका, तुम्ही दुकानात बसा, मी कंपनीत जातो," सनी म्हणाला. परत येताना ऋता गाडीवर मागे बसून सबंध वाटभर बोलत होती. मोशीतल्याच एका मोठ्या स्कीमचं काम तिला मिळालं होतं, सहा इमारती, बाग, पोहण्याचा तलाव. पुढच्या शुक्रवारी बिल्डरला व्हिडिओ दाखवायचा होता. आवडला तर पुढच्या टप्प्याचंही काम तिलाच. मला निम्मं कळलं नाही, वाऱ्यात निम्मं ऐकूही आलं नाही. मी मान हलवत राहिलो आणि मला फार बरं वाटत होतं.

पेटी त्याच दिवशी बसवायला हवी होती. पण कंपनीत मोठं शटडाउन आलं. वर्षातून एकदा सगळी लाइन बंद करून दुरुस्त्या करायच्या, आणि मेंटेनन्सवाल्यांनी तेवढे दिवस घर विसरायचं. त्यात आमचा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. कुठला कन्व्हेयर उघडला, कुठला पंप बसला नाही, कोणाचा वाढदिवस, साहेबांचा सुविचार, दिवसाला तीनशे मेसेज. माझ्यासारख्या इनचार्ज माणसाने कशालाही उत्तर दिलं नाही तर फोन येतो. म्हणून मी सगळ्यालाच 'नोटेड' लिहितो. बेअरिंग तुटलं, नोटेड. केक कापायला या, नोटेड. अंगठ्याला त्याची इतकी सवय झालीय की डोळे मिटूनही लिहीन.

शुक्रवारी रात्रपाळीला गेलो. शनिवारी सकाळी सुटायचं, तर बदलीचा माणूस आला नाही. मग पहिली पाळीही मीच केली. कंपनीच्या बसमधून उतरलो तेव्हा चार वाजले होते आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. ऋता बिल्डरच्या ऑफिसात गेली होती. वासंती म्हणाली, "अहो, झोपा आधी. काही आकाश कोसळत नाहीये."

पण मला तो कॉम्प्युटर ती यायच्या आत तयार करून ठेवायचा होता. तिने दार उघडावं आणि सगळं सुरू दिसावं. पंचावन्न वर्षांच्या माणसाला असलं काही सुचतं हे सांगायला लाज वाटते, पण सुचलं खरं.

कॅबिनेटचं मागचं झाकण काढलं आणि मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो. हा कॉम्प्युटर लॉकडाउनमध्ये आम्ही दोघांनी मिळून जोडला होता. वायरींचं ड्रेसिंग मी कंपनीच्या पॅनलमध्ये करतो तसं केलं होतं. प्रत्येक वायर सरळ, काटकोनात वळवलेली, चार-चार बोटांवर प्लास्टिकचा टाय बांधलेला. टाय ओढायचं काम ऋताचं होतं. 'आणखी घट्ट, बाबा?' असं ती दर वेळी विचारायची. जुनी पेटी आणि जुनं कार्ड काढून नवी बसवली. मदरबोर्डची आणि कार्डची वायर बदलणं भागच होतं, ती मी नव्या पेटीतली लावली. पण दोन हार्डडिस्कना जाणारी वायर पाठीमागून त्या सगळ्या टायमधून गेली होती. ती काढायची तर सगळे टाय कापावे लागले असते. कंपनीत आम्ही सप्लाय बदलतो तेव्हा पुढची वायरिंग कधी काढत नाही, फक्त सप्लाय बदलतो आणि तीच वायर परत जोडतो. जुन्या पेटीच्या वायरीही सुट्या होणाऱ्याच होत्या, आणि इथेही जुन्या वायरीचं टोक नव्या पेटीच्या खोबणीत खट् करून बसलं. बसलं म्हणजे जुळलं, असं मी धरून चाललो. कागद वाचायला कोणी नव्हतं. परत म्हणायलाही कोणी नव्हतं. मी बटण दाबलं.

पंखे फिरले, कार्ड उजळलं, पडद्यावर चित्र आलं. एक सेकंदभर मी खूश होतो. मग वास आला. जळलेल्या सर्किटचा वास मी झोपेतही ओळखेन. झडप घालून प्लग काढला, पण दोन्ही हार्डडिस्क गेल्या होत्या. एकीवर तिचं काम होतं आणि दुसरीवर त्याच कामाची नक्कल.

ती संध्याकाळी आली. मी सोफ्यावर बसून होतो. "एसएमपीएस खराब निघाला," मी म्हणालो. "डिस्क जळल्या दोन्ही. मी सनीला बघतो."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की मलाच आश्चर्य वाटलं. खरं सांगायचं तर मनात पाल चुकचुकली होती. पण मी तिकडे बघायला तयार नव्हतो. ऋता खाली बसली, कॅबिनेटच्या मागे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." तीन आठवड्यांचं काम गेलं होतं. बिल्डरला त्याआधी पाठवलेली एक अर्धवट प्रत तेवढी शिल्लक होती. मी जुनी पेटी आणि जुनं कार्ड परत बसवून दिलं आणि ती बाहेरून लावायच्या एका छोट्या डिस्कवर पहिल्यापासून काम करायला लागली. जुनं कार्ड रखडत होतं. मी पाळीला जाताना ती खुर्चीत असायची, आलो तरी खुर्चीत. माझ्याशी ती नीट बोलत होती, जेवलात का विचारत होती. त्याचाच मला जास्त त्रास होत होता.

गुरुवारी पेटी सगळ्या पिशव्यांसकट उचलून सनीकडे गेलो. रस्ताभर त्याला काय काय बोलायचं ते जुळवत होतो, आणि दुकानात शिरल्या शिरल्या बोललोही. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. सनीने ऐकून घेतलं. मग टेस्टर काढला, पेटी जोडली आणि यंत्र माझ्याकडे वळवलं. बारा व्होल्ट बरोबर, पाच व्होल्ट बरोबर.

"काका, पीस ओके आहे," तो म्हणाला. मग त्याने वायरींची पिशवी टेबलावर उलटी केली. एक छोटी पिशवी तशीच चिकटवलेली होती. "ही डिस्कची केबल. तुम्ही खोललीच नाही. मग डिस्कला काय लावलं?"

मी पिशवी उचलली, चष्मा लावून तिच्यावरचं नाव वाचलं.

"जुनी लावली?" सनीचा आवाज एकदम मऊ झाला. त्याने आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. "टोक सगळ्यांचं सारखं असतं काका, आतल्या पिना नाही. पाचच्या जागी बारा गेले असतील. पुस्तकात लिहिलंय बघा."

त्याने पेटीबरोबरच्या पुस्तिकेतलं पान उघडून दिलं. लाल चौकटीत लिहिलं होतं. मी फोन काढला, म्हटलं फोटो काढून ऋताला पाठवावा, आता सांगून टाकावं. तिचं नाव उघडलं, तर तोच फोटो तिथे आधीच होता. तेच पान, तीच लाल चौकट. मागच्या शुक्रवारी संध्याकाळी, मी रात्रपाळीला निघालो तेव्हाचा. खाली तिने लिहिलं होतं, 'बाबा, जुन्या वायरी याला चालत नाहीत, सगळ्या नवीनच लावायच्यात. तुम्ही दमून याल. रविवारी दोघं मिळून करू या का? मी वाचते, तुम्ही लावा.'

त्याखाली माझं उत्तर होतं. नोटेड.

सनीने खुर्ची सरकवली, पाणी दिलं. मी त्याची माफी मागितली. तो 'छोडो काका' म्हणाला आणि जळलेल्या डिस्कमधलं काही निघतंय का ते बघणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचा नंबर लिहून दिला. पंधरा दिवस लागतील म्हणाला. मी त्याच्याकडून एक नवी डिस्क विकत घेतली. शुक्रवार तर उद्यावर आला होता.

कंपनीत काही बिघडलं की आम्ही पाच वेळा 'का' विचारतो आणि तक्त्यात भरतो. गाडीवर मी तेच करत होतो. डिस्क का जळल्या, वायर जुनी होती म्हणून. वायर जुनी का, टाय कापवले नाहीत म्हणून. नियम का मोडला, दमलो होतो म्हणून. दमलो असताना हात का घातला, पोरीला दाखवायचं होतं म्हणून. पाचव्या 'का'ला मी खोटं का बोललो हा प्रश्न आला. त्याचं उत्तर तक्त्यात लिहिता येण्यासारखं नव्हतं. ती पुन्हा मला काही विचारणार नाही, याची मला भीती वाटत होती.

घरी आलो. ऋता पडद्यासमोर होती. मी पेटी जमिनीवर ठेवली आणि उभ्यानेच बोललो, कारण बसलो असतो तर बोलणं झालं नसतं.

"ऋता, पेटी चांगली आहे. चूक माझी. डिस्कला जुनी वायर लावली मी. तुझ्यापाशी खोटं बोललो."

तिने माऊसवरचा हात काढला. "माहितीये, बाबा. शनिवारीच दिसलं. टाय तसेच होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

"तुझा मेसेजसुद्धा वाचला नव्हता मी."

"तेही माहितीये," ती म्हणाली. "तुम्ही मला नोटेड लिहिलंत. कंपनीतल्या लोकांना लिहिता तसं." एवढं बोलताना पहिल्यांदा तिचा आवाज हलला. "मी वर्षाने काहीतरी विचारलं होतं, बाबा."

पोरीची माफी मागायची सवय नाही. चुकलं, एवढंच म्हणालो. मग दुसऱ्यांदा म्हणालो, कारण नोकरी सोडली तेव्हा जे बोललो होतो त्याचंही राहिलं होतं. ते वेगळं सांगावं लागलं नाही. वासंती दारात येऊन उभी होती, ती परत आत गेली.

मी स्क्रू ड्रायव्हर उचलला. "आण, आत्ता बसवून टाकतो."

"नाही." ऋताने तो माझ्या हातातून काढून घेतला. "तुम्ही आठवडाभर नीट झोपला नाहीयेत. दमलेल्या माणसाने पॅनल उघडायचं नसतं. झोपा. चारला उठवते."

मी झोपलो. चारला तिने उठवलं, चहा दिला, आणि आम्ही जमिनीवर बसलो. टाय तिने स्वतः कापले, एकेक, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग पुस्तिका मांडीवर घेऊन ती वाचायला लागली. "मदरबोर्ड, चोवीस पिन, नवीन." मी वायरीवर बोट ठेवून म्हणालो, "मदरबोर्ड, चोवीस पिन, नवीन." "डिस्क, नवीन." "डिस्क, नवीन." वासंती म्हणाली, तुमची आरती चाललीय का. सगळं दोनदा तपासून झालं तेव्हा ऋताने विचारलं, "चार्ज करू?" मी हो म्हणालो. यावेळी कसलाच वास आला नाही.

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. बिल्डरकडून तिने पाच दिवस मागून घेतले आणि व्हिडिओ दिला. त्याने तो घेतला, पण तलाव आणि बाग पुरती झालेली नव्हती, म्हणून पुढच्या टप्प्याचं काम दुसऱ्या कोणाला तरी दिलं. डिस्कमधून त्या माणसाने पुढे निम्मं काढून दिलं, तोवर त्याचा उपयोग उरला नव्हता. ऋता दोन दिवसांनी दुसऱ्या कामाला लागली. मला एका शब्दाने काही म्हणाली नाही. ते काम माझ्यामुळे गेलं, हे मला रोज बसमध्ये बसलं की आठवतं.

काल दुपारी कंपनीत कॉम्प्रेसर बंद पडला होता. ग्रुपवर मेसेजवर मेसेज येत होते, मी एका हाताने पाना धरून दुसऱ्याने 'नोटेड', 'नोटेड' लिहीत होतो. मधेच एक मेसेज आला आणि अंगठ्याने त्यालाही 'नो' लिहून टाकलं, तेवढ्यात वरचं नाव दिसलं. पाना खाली ठेवला. जनरेटरच्या मागे थोडी शांतता असते, तिथे जाऊन चष्मा पुसला.

'बाबा, लाइट सारखी जातेय, युपीएस घ्यायचाय. आपल्या साडेसातशेला केवढा लागेल? वाचून मग उत्तर द्या.'

शेवटचं वाक्य मला लागलं आणि लागायलाच हवं होतं. मी मेसेज पुन्हा वाचला. लिहिलेलं 'नो' खोडलं आणि एका बोटाने सावकाश लिहिलं, 'वाचलं. संध्याकाळी घरी आलो की थोडा झोपतो, मग दोघं बसून ठरवू.'

तिचं उत्तर लगेच आलं. नोटेड.

मी तेसुद्धा दोनदा वाचलं आणि कॉम्प्रेसरकडे गेलो.